शाकाहारी घरात मांजर पाळावी का?

लोकमान्यनगरवाला: शेजारी मांजरीचं पिल्लू आणलंय. घरात अंडंही वर्ज्य, त्यामुळे त्याला दूध-पोळी नि पनीर. माझं मत स्पष्ट आहे: जिथे मांस-मासळीची वाटी चालत नाही, तिथे मांजर आणू नये. कुत्रा आणा. तो पिढ्यान् पिढ्या माणसाच्या उष्ट्यावर राहिलाय, पोळी-भात पचवतो, नीट आखलेल्या शाकाहारावर निभावतो. मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचं गरजेचं पोषकद्रव्य तिच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. गाजर चारूनही उपयोग नाही, त्यातून अ जीवनसत्त्व बनवणं तिला जमत नाही.

माईची_लेक: दादा, अति होतंय! रामबागेतल्या आमच्या वाड्यात कायम मांजरी. आजी सोवळ्यातली, दूध-पोळीशिवाय काही दिलं नाही. चांगल्या गुबगुबीत होत्या.

लोकमान्यनगरवाला: ताई, आजींनी दूध दिलं, बाकीचं त्या कोठीत नि कौलांवर बघून घेत होत्या. उंदीर, पाल, एखादी चिमणी. चौथ्या मजल्यावर जाळीच्या बाल्कनीत काय मिळणार? शिवाय मोठ्या मांजरींना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात.

सराफा_रात्री_दहा: टॉरिन कारखान्यातही बनतं भिया, मांजरींच्या विकतच्या खाद्यात, मांसाच्या पाकिटातही, वरून घालतात. मग शाकाहारी पाकिटात घातलेलं का नको? आणि पाकिटाला देव मानू नका. टॉरिन आणि हृदयविकाराचा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियात उघड झाला, तेव्हा त्या मांजरी विकतचंच खात होत्या!

लोकमान्यनगरवाला: म्हणून तर नंतर टॉरिन वाढवलं. पण प्रश्न एका द्रव्याचा नाही. तयार अ जीवनसत्त्व, अ‍ॅराकिडोनिक आम्ल (एक स्निग्धाम्ल), भरपूर प्रथिनं, सगळं जुळवावं लागतं. त्यात मांजर नखरेल. नवं पाकीट हुंगून निघून जाते, आणि चार दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठते. हा प्रयोग पशुवैद्याला न विचारता करू नये.

पोहेवाली_आत्या: कुत्र्याचंही इतकं सोपं करू नका हं. आमच्या गल्लीत सकाळी उरलेले पोहे घालतात, वर कच्चा कांदा, शेव, जिरावण. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजरीला तो आणखी बाधतो. पुण्य राहिलं बाजूला!

माईची_लेक: बरं, अंडं चालेल? सासूबाई तेवढ्यापर्यंत येतील कदाचित.

लोकमान्यनगरवाला: उकडलेलं द्या, प्रथिनं उत्तम. पण टॉरिन त्यात जवळजवळ नसतंच. माशाचं पाकीट, बाल्कनीत वेगळी वाटी, वेगळा चमचा, एवढं चालणार असेल तर खुशाल आणा.

माईची_लेक: आणि ती वाटी घासणार कोण? आमच्या मावशी हात लावायच्या नाहीत.