मदत हवी आहे: रेणुसूत्रावरून हायड्रोकार्बनचं (फक्त कार्बन-हायड्रोजनच्या संयुगाचं) नाव नक्की कसं ठरवायचं?

मुलगी दहावीला आहे, कार्बनी संयुगांचा धडा चाललाय. तिला मी सोपं करून सांगितलं की आधी कार्बन मोज, एक म्हणजे मिथ, दोन इथ, तीन प्रोप, चार ब्युट, मग हायड्रोजन बघ. कार्बनच्या दुप्पट अधिक दोन असतील तर अल्केन (कार्बनमध्ये सगळे एकेरी बंध), बरोब्बर दुप्पट तर अल्कीन (एक दुहेरी बंध), दुप्पट वजा दोन तर अल्काइन (एक तिहेरी बंध). सी३एच८ प्रोपेन, सी२एच२ इथाइन, पटापट जमायला लागलं.

काल सी४एच८ आलं आणि अडलो. तिने ब्युटीन लिहिलं, मी पण बरोबरची खूण केली. मग तिनेच वहीत चार कार्बनचा चौकोन काढला, प्रत्येकाला दोन हायड्रोजन, म्हणाली बाबा हे पण सी४एच८च होतंय आणि यात दुहेरी बंध कुठेच नाहीये! म्हणजे सायक्लोब्युटेन. शिवाय सरळ साखळीत दुहेरी बंध टोकाला की मधे यावरून ब्युटीन पण दोन होतात. पोरीने स्वतः शोधलं याचा फार आनंद झाला, पण उत्तर काय द्यावं कळेना.

नुसतं रेणुसूत्र दिलं असेल तर पेपरात काय लिहायचं, फक्त ब्युटीन चालतं का रचनासूत्र काढून दुहेरी बंधाची जागा पण दाखवायची? शिकवणाऱ्यांनी प्लीज सांगा, शनिवारी चाचणी आहे.