बचत गटात सगळं एकाच हाती जातं, त्यात दोष माणसाचा की रचनेचा?

पूर्वभाग_सोलापूर
नमस्कार. आमच्या महिला बचत गटात बहुतेक जणी विड्या वळणाऱ्या आहेत. आमच्या अध्यक्षांना सगळ्या अक्का म्हणतात. लॉकडाऊनमध्ये विडी कारखाने बंद पडले तेव्हा याच अक्कांनी स्वतःच्या घरातला तांदूळ वाटला. त्यांच्या मनात खोट नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पासबुकही पैशापैशाला जुळतं.

पण कर्ज कुणाला द्यायचं ते आता बैठकीआधीच ठरलेलं असतं. परवा एकीनं मुलीच्या फीसाठी दहा हजार मागितले. अक्कांनी वही उघडली, रकान्यावरून बोट फिरवलं, "तुझे हप्ते उशिरा आलेत" म्हणाल्या आणि वही मिटली. दाखवा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. वही मराठीत आहे. निम्म्या जणींना फक्त तेलुगू वाचता येतं, काहींना तेही नाही. ती बाई पदराला हात पुसत उठली, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

माणूस मुळात चांगला असेल तर असं का होतं?

मंगळवार_पेठ
ताई, मी मानसशास्त्र शिकवतो. अशा वेळी हमखास 1971 च्या स्टॅनफर्डच्या तुरुंग-प्रयोगाचा दाखला देतात: विद्यार्थ्यांना पहारेकरी आणि कैदी केलं, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, म्हणून सत्ता मिळाली की माणूस क्रूर होतोच. मला हा निष्कर्ष पटत नाही. पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं होतं, हे पुढे ध्वनिफितींवरून उघड झालं.

त्यापेक्षा पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाच्या सहा मुलांचं बघा. 1965 मध्ये ती ‘आता’ नावाच्या निर्जन बेटावर अडकली आणि वर्षाहून जास्त काळ तिथं राहिली. कामाच्या जोड्या लावल्या, पाळ्या ठरवल्या, विस्तव विझू दिला नाही. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून त्याचं काम वाटून घेतलं. मुलं चांगली होतीच, पण विस्तव राखायचं काम कुण्या एकाचं नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

निवृत्त_बँकवाला
नोकरीत खूप गट पाहिले. सत्ता पदामागे जात नाही, वहीमागे जाते. रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञानं 1911 मध्ये जर्मनीतल्या समाजवादी पक्षाबद्दल हेच दाखवलं. लोकशाहीसाठी झगडणारा पक्ष, तरी कारभार पूर्णवेळ पदाधिकाऱ्यांच्या मुठीत गेला, कारण कागद आणि माहिती त्यांच्याकडे होती.

बचत गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, सगळं नियमित हवं असं सांगितलेलं असतं. पण हिशोब लिहून भागत नाही, तो मोठ्यानं वाचावा लागतो. तुमच्याकडं तो तेलुगूत वाचा. आणि किती हप्ते उशिरा आले तर कर्ज थांबतं, हा नियम ठराव करून घ्या. मग नकार अक्कांचा राहणार नाही.

विडी_घरकुल
मी पण अशाच गटात आहे ओ. एक विचारू? वही लिहायला दुसरं कोण तयार होतं? आमच्याकडं विचारलं की सगळ्या जणी मान खाली घालून पानं कातरत बसतात. बँकेत रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडतात, मजुरी जाते. ती तुमच्या अक्का सोसतात. सत्ता कुणी हिसकावत नाही, आपणच कटकट नको म्हणून देऊन टाकतो.

पूर्वभाग_सोलापूर
विडी_घरकुलताई, हे खरं आहे. पण ज्या बाईला फी भरायची होती तिनं काही देऊन टाकलं नव्हतं, तिला वाचताच येत नव्हतं. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नका.

काका, वाचनाचं आणि ठरावाचं मी बैठकीआधी अक्कांच्या घरी जाऊन बोलते. चारचौघींत काढलं तर त्यांना आरोप वाटेल, आणि त्यांनी काहीही खाल्लेलं नाही. बँकेत जायची पाळी लावायची, आणि जी जाईल तिची त्या दिवसाची मजुरी गटातून द्यायची, असंही सुचवणार आहे. असं द्यायला नियमात बसतं का काका?