नासा १८ हजार, रेल्वे १२ लाख: ही तुलनाच चुकीची

नोंदवही:
काल इथे एक तक्ता आला. भारतीय रेल्वेत सुमारे १२ लाख कर्मचारी, नासात २०२३ मध्ये सुमारे १८ हजार, ‘खोगीरभरती कुठे आहे ते दिसतंच.’ रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहिते. मंगळावर ‘पर्सिव्हरन्स’ ही बग्गी उतरवणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी कॅल्टेक हे विद्यापीठ नासासाठी चालवतं. तिथले हजारो लोक नासाच्या पटावर नाहीतच. अपोलो चांद्रमोहिमांसाठी सुमारे ४ लाख माणसं राबली, त्यात नासाची स्वतःची दहावा हिस्साही नव्हती. पट लहान म्हणजे खातं लहान?

आकडेमोड:
तक्ता माझा आहे. १९९१ च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती. नंतर प्रवासी वाढले, माल कित्येक पट वाढला आणि माणसं चार लाखांवर कमी झाली. तरी गाड्या धावतात. म्हणजे ती जादाच होती.

रूळवाला:
जादा म्हणू नका. कोळशाची इंजिनं गेली, फायरमन गेले, तेवढं मान्य. पण गाडीतली सफाई आज कोण करतं? ठेकेदाराची माणसं. काम तिथेच आहे, मस्टर बदललं.

तळटीप:
मी नऊ वर्षं एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर डेटा एंट्री केली. खुर्ची तीच, साहेब तेच, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. एकदा कुणीतरी माहिती अधिकारात कर्मचारीसंख्या विचारली. उत्तर मीच टाइप केलं. त्या आकड्यात मी नव्हते.

आकडेमोड:
वाईट वाटलं. पण एका खुर्चीवरून लाखांचा हिशेब मोडत नाही.

तळटीप:
एक खुर्ची? देशात सुमारे १० लाख आशा आरोग्यसेविका आहेत. लसीकरण, बाळंतपण, घरोघर सर्वेक्षण, सगळं त्यांच्याकडे. नाव काय, तर ‘स्वयंसेविका’! जवळजवळ रेल्वेएवढी माणसं तुमच्या तक्त्यात शून्य आहेत.

नोंदवही:
धागा कंत्राटी हक्कांकडे चाललाय. मला खात्यांच्या आकाराबद्दल बोलायचं होतं.

तळटीप:
ताई, मी आकाराबद्दलच बोलतेय!

रूळवाला:
आणि आकृतिबंधातली, म्हणजे खात्याला ठरवून दिलेली मंजूर पदं धरायची की भरलेली? आमच्या विभागात दोघांचं काम एकजण करायचा. कागदावर खातं भरलेलं, रात्रपाळीला माणूस नाही.

आकडेमोड:
बरं. नासा आणि रेल्वे शेजारी ठेवायला नको होती. एक गाड्या चालवते, दुसरी बरंचसं काम बाहेरून करून घेते, हे मानतो. रेल्वेत जादा माणसं होती, हे मत मात्र मागे घेणार नाही. कंत्राटींचा आकडा मिळवून द्या, रकाना वाढवतो.

तळटीप:
रकाना आत्ताच वाढवा. रिकामा दिसू दे.