ईडिपस बसवायलोय, कोरसचं काय करायचं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, यंदा गावच्या यात्रेला सोफोक्लीस ह्या जुन्या ग्रीक नाटककाराचा ईडिपस करायलोय, मराठीतनंच. खरं दोन ठिकाणी अडलंय. कोरस म्हणून, म्हणजे एकत्र गाणारी-बोलणारी मंडळी म्हणून, सहा पोरं घेतलोय ती नुसती खांबागत उभी राहतात, त्यांनी करायचं काय? आणि राजा ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो ते आत होतंय, दूत येऊन सांगतोय. पोरं म्हणतात स्टेजवरच दाखवूया. काय करू सांगा ओ.

निपाणीवाला:
सर, कोरस म्हणजे गर्दी नव्हे, ते थीब्सचे, म्हणजे ईडिपसच्या गावचे, वडीलधारे आहेत, गावात साथ आलीय आणि त्यांचीच माणसं मरायलीत. पहिला प्रवेश झाला की गात येतात तो पॅरोडॉस, मग एक प्रवेश एक गाणं असं चालतं, त्या गाण्याला स्टासिमॉन. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकातला सूत्रधार विषय लावून देऊन आत जातो, हे मात्र शेवटपर्यंत समोरच असतात. सोफोक्लीसकडं 15 जण होते, तुम्हाला सहा पुरे, खरं एकाला प्रमुख करा. राणी योकास्टा तडकाफडकी आत जाते तेव्हा कोरसच राजाला विचारतो की राणी अशी का गेली, ह्या गप्प बसण्यातनं काहीतरी वाईट फुटणार. ती जागा नीट बसवा, पोरं आपोआप जिवंत होतील.

टिळकवाडी:
डोळ्यांचं अजिबात दाखवू नका दादा! दूत सांगतो की राणीनं गळफास घेतला, राजानं तिच्याच वस्त्राच्या पिना काढून डोळ्यांत खुपसल्या. ते ऐकताना माणूस स्वतःच्या मनात बघतो, आणि मग राजा रक्ताळलेला बाहेर येतो. ग्रीकांकडं मरण बहुतेक आतच व्हायचं, प्रेत दाखवायचं असलं तर एकिक्लेमा म्हणजे चाकांचा फळा बाहेर ढकलायचे. आणि माणसं कमी असली तर काळजी नको, बोलणारे नट तीनच असायचे, सगळे पुरुष, मुखवटा बदलला की दुसरं पात्र.

चिकोडी:
पोरांची बाजू पण सांगतो. रोमन नाटककार सेनेकाच्या ईडिपसात योकास्टा सगळ्यांसमोर तलवारीनं जीव देते. खरं डोळे तिथं पण आतच, दूतच सांगतो. रोमन कवी होरेसनं तर लिहिलंय की मेडियानं, म्हणजे नाटकातल्या त्या आईनं, स्वतःची पोरं लोकांसमोर मारू नयेत. रोमन कॉमेडी वेगळी, तिथला नाटककार प्लाउटस, त्याच्याकडं असला कोरस नाही, धूर्त गुलाम आणि बढाईखोर शिपाई ही ठरलेली पात्रं.

खानापूरकर:
लई उपकार. डोळे आतच ठेवतो, आणि दूताचं काम सगळ्यात चांगल्या पोराला देतो. चिकोडीकर, यात्रेला याच.