गावरान कोंबड्यांच्या अंड्यांचं टरफल पातळ येतंय, खाण्यात काय कमी पडतंय?

परसदार: आठ कोंबड्या अंड्यावर आहेत. खायला तांदळाची कणी, मक्याचा भरडा आणि शिळी भाकरी, दिवसा मोकळ्या. टरफल बोटानं दाबलं तरी चिरतं, अधूनमधून नुसत्या पापुद्र्यातलं अंडं येतं. पाण्यात चुना घालू का?

खुराडं: चुना अजिबात नको. कळीचा असो वा खायचा, तोंड नि अन्ननलिका भाजते. एका टरफलाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि कणी-मक्यात ते जवळजवळ नसतंच, मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, लागेल तेवढा त्या खातात. पूड नको, तुरीच्या डाळीएवढे तुकडे हवेत. टरफल मुख्यतः रात्री तयार होतं आणि जाड तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. म्हणून संध्याकाळी भांडं भरलेलं आहे ना, ते बघा. घरची टरफलं द्यायची तर भाजून बारीक चुरा करा, अख्खी दिलीत तर अंडी फोडून खायची सवय लागते.

दाणापाणी: नुसत्या शिंपल्यानं भागणार नाही, प्रथिनंही कमी पडताहेत. 10 किलो खाद्याला मका 5 किलो, सोयाबीन पेंड 2.2, गव्हाचा कोंडा 1.8, शिंपला 800 ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरसची पूड) 100, व्हिटॅमिन-मिनरल मिक्श्चर 100 आणि मीठ 30 ग्रॅम. प्रथिनं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास बसतात. पेंडच घ्या, कच्चं सोयाबीन पचत नाही. चरायला जात असतील तर संध्याकाळी कोंबडीमागे 50-60 ग्रॅम पुरे, बंदिस्त असतील तर 100-110. भाकरी चिमूटभरच, तिनं पोट भरतं आणि अंगावर चरबी चढते.

परसदार: तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) आणि पिल्लंही त्याच खुराड्यात आहेत. त्यांनाही हेच चालेल?

दाणापाणी: नाही. एवढ्या कॅल्शियमनं पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात. त्यांचं खाद्य बिनशिंपल्याचं, वेगळं. तलंगांना पहिलं अंडं दिसेपर्यंत तेच द्या.

खुराडं: पावसाळ्यात मका आणि पेंड हुंगून घ्या. कुबट वास किंवा हिरवट बुरशी दिसली तर सगळं फेकायचं. धुऊन, वाळवून अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, जात नाही, यकृत जातं. आणि एकदम सगळ्यांचीच अंडी घटली, हिरवी हगवण लागली, मान वाकडी झाली, तर खाद्य बदलत बसू नका. ती राणीखेत या साथीच्या रोगाची लक्षणं असू शकतात. आजारी कोंबड्या वेगळ्या करून त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.