इंजिन चालू असताना चार्जिंगचा दिवा मिणमिणतो: दोष अल्टरनेटरचा की वायरिंगचा?

प्रश्न

माझी गाडी जुन्या बनावटीची असून तिच्या मीटरमध्ये एलईडी नाहीत, तारेचे साधे बल्ब आहेत. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचे चिन्ह असलेला लाल दिवा नीट पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतोही. परंतु ब्लोअर सर्वांत वरच्या वेगावर नेला आणि त्यातच वायपर लावले, की अंधारात जाणवेल इतपत तो पुन्हा मिणमिणू लागतो. हेडलाइट लावल्याने मात्र काहीच फरक पडत नाही. बॅटरी नवी आहे, पट्टा घट्ट आहे, अल्टरनेटरचे ब्रश आणि डायोडही बदलून झाले आहेत. आता मेकॅनिक अख्खा अल्टरनेटर बदलण्यास सांगत आहेत. त्यापूर्वी मल्टिमीटरने काय तपासावे?

प्रतिसाद १

हेडलाइटचा उल्लेख आपण केलात हे बरे झाले, कारण सारी मेख तिथेच असावी. हा दिवा बॅटरी किती चार्ज होत आहे ते मोजत नाही. आपल्या दोन टोकांवरील व्होल्टेजमध्ये फरक आहे की नाही, एवढेच तो दाखवतो. त्याचे एक टोक इग्निशन स्विचमधून फ्यूजमार्गे येणाऱ्या तारेला आणि दुसरे अल्टरनेटरच्या डी प्लस टर्मिनलला जोडलेले असते. इंजिन बंद असताना डी प्लस हे रोटरच्या (अल्टरनेटरच्या आतील फिरत्या भागाच्या) गुंडाळीतून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, पोहोचते, म्हणून दिवा पेटतो. अल्टरनेटर वीज निर्माण करू लागला की दोन्ही टोके १४ व्होल्टच्या आसपास येतात आणि दिवा विझतो.

आता हा समतोल कोणत्याही बाजूने बिघडू शकतो. डी प्लस खाली आले तर दोष अल्टरनेटरचा. पण इग्निशनकडचे टोक खाली आले तरीही दिवा मिणमिणतोच, फक्त प्रवाह उलट दिशेने वाहतो आणि बल्बच्या तारेला दिशेचे काही सोयरसुतक नसते. ब्लोअर आणि वायपर इग्निशन स्विचमधून वीज घेत असतील आणि हेडलाइटना ती बॅटरीकडून वेगळ्या वाटेने मिळत असेल, तर आपण सांगितलेले लक्षण तंतोतंत जुळते.

इंजिन चालू ठेवून, ब्लोअर आणि वायपर पूर्ण वेगाने लावून, काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावा आणि लाल प्रोबने तीन ठिकाणी व्होल्टेज मोजावे: अल्टरनेटरचे बी प्लस (बॅटरीकडे वीज नेणारे टर्मिनल), त्याचे डी प्लस आणि डॅशबोर्डच्या मीटरला वीज देणारा फ्यूज. लोड नसताना घेतलेले आकडे येथे निरुपयोगी आहेत, कारण खराब जोडावरून मोठा प्रवाह वाहिल्याशिवाय तिथली घट दिसतच नाही.

प्रतिसाद २

चार्जिंग व्यवस्थित होत असेल, तर तो बल्ब काढून टाकून निश्चिंत व्हावे, असे मला वाटते.

प्रतिसाद ३

कृपया तसे करू नये. या रचनेत रोटरला सुरुवातीचा प्रवाह त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब काढल्यास इंजिनाचा वेग बराच वाढवेपर्यंत अल्टरनेटर जागाच होत नाही, कधी अजिबात होत नाही, आणि ते सांगायला दिवाही उरत नाही.

प्रश्नकर्ता

सांगितल्याप्रमाणे मोजले. बी प्लस १४.१, डी प्लस १४.१, आणि फ्यूजवर अवघे १२.१ व्होल्ट. ब्लोअर बंद करताच फ्यूजवरचा आकडा १३.७ वर गेला आणि दिवा विझला.

प्रतिसाद १

म्हणजे अल्टरनेटर निर्दोष आहे. बॅटरी ते फ्यूज या वाटेत कुठेतरी २ व्होल्ट हरवत आहेत. आता लोड तसाच ठेवून मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब इग्निशन स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारांवर लावावेत. चांगल्या स्विचवर ही घट ०.२ व्होल्टच्या आत असते. तिथे काही आढळले नाही, तर त्याच पद्धतीने फ्यूजबॉक्सपर्यंतचा एकेक जोड तपासत जावे. ओहमच्या मापनावर विसंबू नये. मल्टिमीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो आणि जळका संपर्कही त्याला ठीकच भासतो. मात्र स्टिअरिंगखालचे कव्हर काढण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, मोजण्यापूर्वी ते पुन्हा जोडावे आणि तिथे एअरबॅगची पिवळी तार असल्यास तिला हात लावू नये.

प्रश्नकर्ता

स्विचवर १.७ व्होल्टची घट मिळाली. कनेक्टरचे प्लास्टिक एका पिनभोवती तपकिरी पडले आहे.

प्रतिसाद १

१५ अँपिअर प्रवाह धरला, तर त्या एका संपर्कात सुमारे २५ वॅट उष्णता निर्माण होते, त्यामुळे तो तपकिरी रंग स्वाभाविक आहे. स्विचचा विद्युत भाग आणि कनेक्टरची पिन दोन्ही बदलावे; केवळ घासून साफ केलेली पिन पुन्हा तापते. शक्य असल्यास ब्लोअरला फ्यूजसह स्वतंत्र रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) द्यावा, म्हणजे नव्या स्विचवर तो भार राहणार नाही.