हळदीत ॲसिड वाजलं, तर बिघडलं कुठे?

खाडीकाठ

गेल्या महिन्यात शिरोड्याला चुलतभावाची हळद होती. साडेआठपर्यंत नेहमीचंच चाललं होतं. कोळीगीतं, मग एक-दोन आगरी गाणी, आत्या पदर खोचून मंडपाच्या मधोमध. तेवढ्यात डीजेच्या पोराने एका कोळीगीताचं तोंड तसंच ठेवलं आणि खालून ती ओली, चिवचिवणारी, रबर ताणल्यासारखी बेसलाइन सोडली. ॲसिड, म्हणजे क्लबांत नाचायला वाजणारं यंत्रावरचं संगीत. तेच ऐकायला आमचा भाचा दर शनिवारी बांद्याहून गाडी काढून गोव्यात वागातोरला जातो.

आत्या नाचतच राहिली. भाचा मात्र वाढलेलं पान सोडून उठला. "मामा, वाट लावली याने. हे इथे वाजवायचं नसतं."

का नसतं? तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितोय. तुम्हीही बोला.

तो आवाज मुळात ज्या यंत्राचा, त्या रोलंड टीबी-३०३ ची कुंडली बघा. जपानी कंपनीने ते १९८१ साली काढलं, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला मागे बेस मिळावा म्हणून. आवाज खऱ्या बेस गिटारच्या जवळपासही जाईना. सुमारे १०,००० यंत्रं काढून १९८४ ला उत्पादन थांबलं. मग ती जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोल भावाने पडली आणि म्हणूनच शिकागोच्या पोरांना परवडली. १९८७ मध्ये 'फ्यूचर' नावाच्या त्रिकुटाने त्याची बटणं नको तेवढी पिळली आणि ॲसिड हाउस निघालं. सांगतात की तिथल्या रॉन हार्डी या डीजेने क्लबात पहिल्यांदा ते लावलं तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले. त्याच रात्री चौथ्यांदा लावलं तेव्हा वेडे झाले.

त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२ ला, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या वादकाने हेच यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० ला तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हा बाहेरचे लोक तोंडात बोटं घालायला लागले.

सरावाच्या खोलीसाठी केलेलं, भंगारात गेलेलं, एका फिल्मी वादकाने रागाला जोडलेलं हे यंत्र. याला सोवळं होतं कधी? भाच्याच्या मते हे अंडरग्राउंड, म्हणजे बाजारापासून लांब, मोजक्यांतच वाजायचं संगीत. मला तर वाटतं, अंडरग्राउंड ही त्या त्या वेळची अडचण असते. जागा नाही, पैसे नाहीत, रेडिओवाला लावत नाही, म्हणून तळघरात. दार उघडलं की बाहेर येणारच.

एकशेपंचेचाळीस

काका, मी तुमचा भाचा नाही, पण असू शकलो असतो. मूळ मालवणचा, आता ठाण्यात.

आत्या नाचल्या याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दार उघडल्यावर बाहेर नक्की काय येतं याबद्दल. डबस्टेप नावाचं संगीत घ्या. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला, एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी ते घडवलं. मिनिटाला १४० ठोके, पण चाल निम्मी, त्यामुळे मधे ऐसपैस जागा. त्या जागेत ५० हर्ट्झच्या आसपासचा बेस, कानापेक्षा बरगड्यांना जास्त कळणारा. आता हे घराघरांत पोचवायचं कशावरून? लॅपटॉप आणि फोनवरून. फोनच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ येतच नाही. मग बेस वर ओढला, मधल्या पट्टीत आणला, कर्कश केला, म्हणजे डब्यातूनही ऐकू जाईल. २०१२ ला स्क्रिलेक्स या अमेरिकन डीजेला तीन ग्रॅमी मिळाले ते अशा आवाजावर. माणूस हुशार आहे, वाद नाही. पण क्रॉयडनवाल्यांनी ठोक्यांच्या मधे जी शांतता ठेवली होती ती पार गेली. नाव तेच राहिलं.

कोळीगीताखाली ३०३ लावली की तिचा हिंग होतो, वासापुरता. मूळ गोष्ट रात्रभर चढत जायची आहे. दशावतारात संकासुर येऊन जातो, मग आख्यान रंगतं, पहाटे दहीकाला. तोच दशावतार एसटी स्टँडवर पंधरा मिनिटांत उरकला तर तुम्ही पान सोडून उठणार नाही?

दोनशे वॅट

मी हळदीचाच डीजे. चिपळूण-गुहागर पट्टा. शिरोड्याचा पोरगा मी नव्हे, आधीच सांगून ठेवतो.

रात्रभर चढायचं वगैरे ठीक आहे भाऊ. आमच्याकडे दहा वाजले की हवालदार मंडपाच्या दारात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यात कोणाच्या चुलतभावाची हळद बसत नाही. म्हणजे माझ्याकडे सात ते दहा. त्यातच पंगत, फोटो, नवरदेवाच्या मामाची फर्माईश, आणि लाइट गेली तर जनरेटरला दोरी मारायची तीही मीच. एवढ्यात संकासुर, आख्यान आणि दहीकाला सगळं बसवून दाखवा.

५० हर्ट्झचं म्हणाल तर १८ इंची चार बेस आहेत माझ्याकडे. गेल्या वर्षी एका घराची कौलं सरकली, भरपाई दिली. क्रॉयडनच्या पोरांना विचारा, कौलांचे पैसे तिकडे कोण देतं.

आणि एक. ट्रॅक मी घरी लॅपटॉपवर करतो, रात्री, सगळे झोपल्यावर. ३०३ ची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये मिळते. झाला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा. दर अर्ध्या मिनिटाला आपल्या नावाचा टॅग घालायचा, नाहीतर सकाळी तोच ट्रॅक दुसऱ्याच्या नावावर फिरतो. रेडिओला पत्ता नाही, पेपरात कधी ओळ नाही, पण पनवेलपासून राजापूरपर्यंत टेम्पोटेम्पोत वाजतो. अंडरग्राउंड म्हणजे आणखी काय असतं? वागातोरला तिकीट काढून जाता ते?

पखवाजवाला

दोनशे वॅट, दंडवत. टॅगवरून आठवलं. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' असतं तो टॅगच की! नाहीतर देहूचा माल भलत्याच्या नावावर खपला असता. आमच्या जाखडी नाचात शक्ती-तुऱ्याचे शाहीर गाण्यात गुरूचं आणि स्वतःचं नाव गुंफतात तेही त्याचसाठी.

एकशेपंचेचाळीस, कणकवलीकडे एकदा डबलबारी ऐकायला या. समोरासमोर दोन बुवा. एकाने नव्या सिनेमाची चाल उचलून तिच्यात अभंग बसवला की दुसऱ्याने त्याहून नवी काढायची. अभंग बाटला असं म्हणून कोणी उठून गेलेलं मी पाहिलं नाही. बुवा बेसूर झाला तर मात्र जातात.

जाता जाता, इंग्लंडने १९९४ ला रेव्ह पार्ट्यांविरुद्ध कायदा केला. त्यात बंदोबस्त कशाचा, तर 'एकामागून एक पुन्हा पुन्हा येणारे ठोके' असलेल्या संगीताचा. त्या व्याख्येत आमच्या वाडीतली झांजेवरची आरती पहिल्या रात्रीच आत जाईल.

पेडण्याची

सगळं वाचलं. सगळे पुरुष आहात ना? कारण एवढ्या चर्चेत चहा कोणी केला हे कोणाच्याच डोक्यात आलेलं नाही.

माझी मावशी हणजूणची. तिकडच्या पार्ट्यांत ती चटई टाकायची. चटई, स्टोव्ह, चहाचा टोप, ऑम्लेट-पाव, मधे रॉकेलचा दिवा. अशा बायकांची रांगच असायची. पहाटे दमलेला कोणी परदेशी तिच्या चटईवर आडवा झाला तर ती पाय दुमडून घ्यायला सांगायची, बाकी काही नाही. कुठला ट्रॅक कोणाचा हे तिला ठाऊक नव्हतं. पण चहा कधी खपतो ते पक्कं माहीत होतं. ठेका थांबून नुसताच गुणगुणता आवाज राहिला की ती दूध आटवायला घ्यायची. म्हणायची, "मशीन झोपलं, आता येतील."

हे 'मशीन झोपणं' का होतं ते मला फार पुढे कळलं. तबकड्या इथल्या उन्हाने वाकायच्या, धुळीने खराब व्हायच्या. म्हणून आधी कॅसेट आणि मग डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायचे. सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन इथेच राहिलेला आणि २०२३ ला इथेच वारलेला डीजे गोवा गिलसुद्धा डॅटवरच. टेपवर दोन गाण्यांचा वेग जुळवून घेता येत नाही. मग गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेक्याशिवायचा लांब भाग ठेवायचा आणि तिथून दुसऱ्यात शिरायचं. दादा, तुम्ही ज्याला मूळ रूप म्हणता त्यातलं थोडं तरी आमच्या उन्हाने आणि धुळीने ठरवलेलं आहे.

आणि ते लपलेलं होतं म्हणता, कोणापासून? मी दहावीला मावशीकडे होते. रात्रभर धडधड धडधड. सगळ्या गावाला माहीत होतं. लपलेलं असेल तर लंडनपासून. तेही १९९४ ला संपलं, पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा 'गोवा मिक्स' लावला तेव्हा. गोवा ट्रान्स अशा नावाने जगभर सीड्या निघाल्या. मी मावशीला सांगितलं तर म्हणाली, "आमच्या चहाचं नाव घातलंय त्यावर?"

खाडीकाठकाका, तुमचं दार उघडायचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं. तिकिटाचे मोठे कार्यक्रम आले तेव्हा भोवती पत्रे लागले, मनगटाला पट्टी आली, बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. मावशीची चटई बाहेरच राहिली. तिच्यासाठी दार तेव्हा बंद झालं. आता आत चहा मिळतो म्हणे, कागदी कपात.

खाडीकाठ

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दाराचं वाक्य मागे घेतो. आवाज बाहेर येतो, पण तो ज्यांच्या अंगणात वाढला ती माणसं त्याच्याबरोबर येतातच असं नाही, एवढं मान्य.

तरी भाच्याचा राग मला पटलेला नाही. त्याच्या डोळ्यांत तो आवाज वागातोरला शुद्ध आणि शिरोड्याला भ्रष्ट. मधे पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि दोन खाड्या. मला वाटतं त्याला आवाजाचं दुःख कमी झालं. आत्याला तो आवडला, याचं जास्त.

एकशेपंचेचाळीस

काका, हा टोला बसला. थोडं खरं आहे. आईने माझ्या प्लेलिस्टमधलं काही गुणगुणलं की मी ते काढून टाकतो. डॅटचं मला ठाऊक होतं, पण धुळीकडून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

पण पेडण्याच्या ताईंनी जे काढलं ते जास्त टोचतंय. १९६९ ला 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमनने सहा-सात सेकंद एकटे ड्रम वाजवले. त्या तुकड्यावर पुढे इंग्लंडात जंगल, ड्रम अँड बेस अशी अख्खी घराणी उभी राहिली. हजारो ट्रॅक. १९९७ ला रॉनी साइझच्या चमूला ड्रम अँड बेसच्या अल्बमसाठी तिकडचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, म्हणजे राजमान्यताही झाली. कोलमनला त्या तुकड्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ ला वारला तेव्हा राहायला घर नव्हतं. आणि त्याला विसरणारे पहिले कोण? मोठ्या कंपन्या नंतर आल्या. तुकडा आधी उचलला तो आमच्या लाडक्या तळघरवाल्यांनीच.

माझा डबस्टेपचा मुद्दा मी सोडत नाही. शांतता गेली ती गेलीच. पण तळघरात सगळे सज्जन होते असं यापुढे नाही म्हणणार.

सनईची जीभ

इतके दिवस नुसता वाचत होतो. संगमेश्वर. आजोबा खालू बाज्यात सनई वाजवतात. ढोल, टिमकी, सनई, चार-पाच जण. पूर्वी लग्न, शिमगा, पालखी सगळीकडे तेच. आता लग्नाची सुपारी डीजेला जाते आणि आजोबांना फक्त पालखी उरली, कारण देवासमोर अजून तरी डीजे कोणी लावत नाही आमच्यात.

दोनशे वॅट भाऊंना विचारायचं होतं. दोन वर्षांपूर्वी शिमग्यात कोणीतरी फोनवर आजोबांची सनई रेकॉर्ड केली. ती आता एका हळदीच्या ट्रॅकमध्ये आहे. चार सेकंदांचा तुकडा, पुन्हा पुन्हा. मध्येच एक सूर फाटतो, कारण त्या दिवशी सनईची जीभ, म्हणजे फुंकायची पाती, ओली झाली होती. तो फाटलेला सूरही तसाच फिरतोय. त्यावर टॅग आहे, आजोबांचा नाही. तुमचा आहे.

दोनशे वॅट

तो तुकडा मला ग्रुपवर आला होता. नुसता 'सनई लूप' म्हणून. कोणाचा ते विचारलं नाही, खरं सांगतो. आम्ही विचारत नाहीच.

पैसे देईन म्हणालो तर खोटं होईल. त्या ट्रॅकचे मलाही मिळालेले नाहीत, मला मिळतात ते मंडपाचे. आजोबांचं नाव कळवा, टॅगमध्ये घालतो. फिरून गेलेला ट्रॅक परत येत नाही, पण नवा निघेल त्यात येईल.

दुसरं, वैशाख अख्खा बुक आहे माझा. चार ठिकाणी तरी नवरदेव वाजत येईल तेव्हा अर्धा तास खालू बाजा ठेवू या का? लग्नाच्या पार्टीला मी सांगतो. सुपारी वेगळी, माझ्यातून कापायची नाही. मी खालून नुसता बेस देईन. सनई कुठल्या पट्टीत असते तेवढं विचारून ठेवा, म्हणजे जुळवता येईल.

सनईची जीभ

विचारलं. म्हणाले, सुपारी घेऊ. पट्टी त्याला तिथेच कळेल, आधी तो बेस बंद करून ऐकायला सांग.